वेलीपासून टीएमसीपर्यंत : तंजावरच्या भाताला पाणी किती?

तंजावरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयाची ओढ मराठी अभ्यासकाला असते ती मुख्यतः तेथील मोडी कागदांमुळे. १६७६ ते १८५५ या काळात भोसले घराण्याची सत्ता ज्या भूमीशी जोडलेली होती, ती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीची. जमीन 'वेली'त मोजली जाई; एक वेली म्हणजे सुमारे ६.६ एकर. वेलीमागे धान्य किती आणि त्यात सरकारचा वाटा किती, हा त्या काळच्या महसुलाचा मुख्य प्रश्न होता. पिकाला पाणी किती लागते, हा नव्हे. नदी देईल तेवढे पाणी पाटांनी वाटून घ्यायचे.

१७९९च्या तहानंतर दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला व भोवतालचा भाग उरला. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. कावेरीचे पात्र गाळाने भरत होते आणि पाणी खोलगट कोळ्ळिडम शाखेकडे ओढले जात होते. आर्थर कॉटन यांनी १८३६मध्ये वरचा बंधारा बांधून तो ओघ सावरला. तेथेही हिशेब होता तो पात्राच्या पातळीचा. १९३४मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले, ९३.४७ टीएमसी साठ्याचे, आणि १२ जून ही पाणी सोडण्याची प्रथेची तारीख ठरली.

पिकाकडून नदीकडे जाणारा हिशेब विसाव्या शतकातला. १९४८मध्ये हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रता यांवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र मांडले. त्याच्या सुधारित रूपाला जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८मध्ये प्रमाण पद्धती म्हणून मान्यता दिली. कुरुवै हे सुमारे १०५ दिवसांचे भात घेऊन ते करून पाहू. रोपवाटिकेचे दिवस वगळता ८० दिवस शेतात, संदर्भ बाष्पीभवन रोज ६ मिमी, पीक गुणांक सरासरी १.१ असे धरले, तर पिकाची गरज ५२८ मिमी. चिखलणीला २०० मिमी. आता मुरणारे पाणी: भारी चिकणमातीत रोज ४ मिमी धरले तर ३२०, हलक्या जमिनीत ८ मिमी धरले तर ६४०. पाऊस आणि कालव्यातील गळती बाजूला ठेवली, तरी एकूण गरज एका ठिकाणी १,०४८ मिमी, दुसऱ्या ठिकाणी १,३६८. म्हणजे एक टीएमसी पाण्यात पहिल्या जमिनीवर सुमारे २,७०० हेक्टर भिजतील, दुसरीवर सुमारे २,०७०. बियाणे तेच, ऊन तेच; फरक केवळ मातीचा.

हा आकडा कोरडा नाही. २००७मध्ये कावेरी लवादाने तमिळनाडूला ४१९ टीएमसी दिले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ४०४.२५ केले. कमी झालेल्या १४.७५ पैकी १० टीएमसी त्रिभुज प्रदेशातील भूजल धरून वजा झाले, उरलेले ४.७५ बंगळूरूसाठी. भातखाचरातून मुरलेले पाणी हे त्या भूजलाचे एक मोठे उगमस्थान. गरजेच्या हिशेबात ते खर्च म्हणून मांडले जाते आणि उपसून काढताच पुरवठ्यात जमा होते. उपशाला वीज लागते, किनाऱ्याकडे विहिरींना खारे पाणी लागते. म्हणून कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ही जमाखर्चाची अदलाबदल सरसकट पटणे कठीण. माझ्या मते, मुरण्याचा दर गावागणिक मोजल्याशिवाय एकूण गरजेचा कोणताही एक आकडा अंदाजच राहील.