मिश्रण आणि सांधा

अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली १९३५ साली नायलॉन जन्मास आले. द्रव्य बळकट खरे. पण त्यावर बारीकशी चीर असली, की एका घावात तुकडा पडे. रबर मिसळले म्हणजे दोष जाईल, असे कोणासही वाटेल. परंतु या दोघांचे तेलापाण्यासारखे वाकडे. रबराचे मोठे गोळे वेगळेच राहतात आणि माल सांध्यावर सुटतो.

त्याच कंपनीच्या बेनेट एपस्टाईन यांना १९७९ साली मिळालेल्या पेटंटात यावर तोड आहे. त्यातील एक मार्ग असा : रबराच्या साखळीस मॅलेइक अनहायड्राइडची अल्प मात्रा जोडावयाची. मिश्रण वितळले, की ती नायलॉनच्या अमाइन टोकांशी रासायनिक गाठ मारते. ही गाठ सीमेवर बसून रबराचे कण पुन्हा एकवटू देत नाही. कण मायक्रॉनहून बारीक राहतात आणि आघात एका चिरेत न साठता सर्वत्र वाटला जातो.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांनी यातून एवढे घ्यावे : गर्दी म्हणजे संघटना नव्हे. नुसती नावे नोंदवून थांबू नये; दोन्ही खात्यांत ऊठबस असलेली चार माणसे आधी उभी करावीत. संप फुटतो, तो बहुधा सांध्यावरच.