रॉक ऑईलचे चार शेअर

डोळे मिटा आणि रेशनच्या दुकानापुढची ती रांग आठवा. हातात पत्र्याचा डबा, पुढे नरसाळं, नरसाळ्यातून डब्यात पडणारं निळसर रॉकेल, आणि घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांना राहिलेला वास. ‘रॉकेल’ हा शब्द तुम्ही लहानपणापासून इतक्या वेळा उच्चारलाय की त्यात दडलेला ‘रॉक ऑईल’, म्हणजे खडकातलं तेल, तुम्हाला कधी ऐकूच आला नसेल. आता तो ऐका, आणि त्याचं बोट धरून मागे चला, १८५५ सालच्या शरदापर्यंत.

डोळे उघडता तेव्हा तुम्ही अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात आहात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच एल्मची झाडं आहेत आणि पायाखाली पिवळ्या पानांचा थर. गावात घोडागाड्यांचे कारखाने आहेत, घड्याळांचे कारखाने आहेत, येल कॉलेज आहे. तुमचंही एक छोटं दुकान आहे, गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्याचं. वीस वर्षांच्या कष्टांतून थोडी शिल्लक साठली आहे, आणि आज ती तुमच्या खिशात आहे.

टेबलापलीकडे बसलेल्या गृहस्थांना गावात सगळे ओळखतात. ते जेम्स टाउनसेंड, सिटी सेव्हिंग्ज बँकेचे अध्यक्ष. ते ज्या कंपनीचे शेअर खपवू पाहताहेत तिचं नाव ‘पेनसिल्व्हेनिया रॉक ऑईल कंपनी’. दर्शनी किंमत एका शेअरला २५ डॉलर, शेअर १२,०००, एकूण भागभांडवल ३ लाख डॉलर.

तीन लाख! तुम्ही मनातल्या मनात हिशोब मांडता. या कंपनीचा सगळा जमीनजुमला म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात टायटसव्हिल नावाच्या वस्तीजवळचं एक शेत. जॉर्ज बिसेल आणि जोनाथन एव्हलेथ या न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी ते गेल्या वर्षी ५,००० डॉलरना घेतलं. तिथल्या ओढ्यावर तेलाचा तवंग येतो म्हणून ओढ्याचं नावच ऑईल क्रीक. लोक तवंगावर घोंगडी पसरतात, ती पिळून तेल बाटलीत भरतात आणि सांधेदुखीवर चोळतात. झरा कधी भरपूर देतो, कधी काहीच देत नाही.

पाच हजारांची जमीन आणि तीन लाखांचं भांडवल. मधली रक्कम कशाची, असं तुम्ही विचारता. टाउनसेंड उत्तरादाखल एक छापील पुस्तिका पुढे सरकवतात.

ही पुस्तिका नीट वाचा, घाई करू नका. १६ एप्रिल १८५५ रोजी लिहिलेला हा अहवाल आहे आणि त्याखाली सही आहे बेंजामिन सिलिमन यांची. येलमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वडीलही त्याच नावाचे आणि त्याच विषयातले गाजलेले. सिलिमननी महिनोन्‌महिने ते काळपट, वासट द्रव्य वेगवेगळ्या तापमानांना उकळवलं, प्रत्येक टप्प्यावर निघालेली वाफ थंड करून वेगळी साठवली. वर हलकं पातळ तेल, मग दिव्याचं तेल, मग वंगण, शेवटी मेण. जे तेल लोक अंगाला चोळत होते त्याचा निदान अर्धा भाग उत्तम दिव्याचं तेल होऊ शकतो, असं त्यांनी लिहिलं. दिवे शेजारी शेजारी लावून उजेड मोजला. देवमाशाचं तेल महाग होत चाललं आहे. टर्पेंटाइनपासून काढलेलं कॅम्फीन स्वस्त आहे, पण ते भडकून घरंच्या घरं जळतात. तुमच्याच गल्लीत गेल्या हिवाळ्यात काय झालं ते तुम्ही विसरलेला नाही.

या अहवालाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिलिमनचं बिल झालं होतं ५२६ डॉलर ८ सेंट, आणि याच कामासाठी आधी न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या पहिल्या कंपनीकडे तेवढेही पैसे नव्हते. १८५४ च्या डिसेंबरात अडीच लाख डॉलरच्या भांडवलाने नोंदलेली कंपनी पाचशे डॉलर देऊ शकत नव्हती, कारण भांडवल कागदावर होतं आणि शेअर कुणी घेत नव्हतं. प्राध्यापकांनी ठाम राहून पूर्ण पैसे हाती पडेपर्यंत अहवाल सोडला नाही. पुढे मात्र त्यांनी स्वतःच दोनशे शेअर घेतले, आणि आता या नव्या कंपनीचे अध्यक्ष तेच आहेत. आधी आपल्या श्रमाची किंमत वसूल करणारा आणि मग आपल्याच निष्कर्षावर पैसे लावणारा माणूस तुम्हाला विश्वासाचा वाटतो, आणि वाटावाच.

तरी तुमचा हात खिशाकडे जात नाही. मनातला खरा प्रश्न अजून विचारायचा राहिला आहे. तेल निघेल का, हा तो प्रश्न नव्हे. कंपनी बुडाली तर माझं दुकान जाईल का, हा आहे.

न्यू हेवनच्या बाकीच्या पैसेवाल्यांनीही हेच विचारलं होतं. न्यूयॉर्कच्या कायद्यात कंपनीच्या कर्जाचा बोजा भागधारकांच्या अंगावर येऊ शकत होता. चार शेअर घ्यायचे आणि कुठल्या जंगलात कुणीतरी केलेल्या देण्यापायी सावकाराने तुमच्या ऐरणीला हात घालायचा, हे कुणाला परवडणार? म्हणून त्यांनी हट्ट धरला की कंपनी आमच्या राज्यात, कनेक्टिकटमध्ये नव्याने नोंदवा. १८ सप्टेंबर १८५५ रोजी ती तशी नोंदवली गेली. तर दुसरी अडचण उभी राहिली: परराज्यातल्या कंपनीला पेनसिल्व्हेनियात जमीन ठेवता येत नाही, सरकारजमा होण्याची भीती. मग जमीन दोन विश्वस्तांच्या नावे केली आणि त्यांच्याकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला दिली. तेलाचा एक थेंब काढण्याआधी एवढं कागदकाम.

याला वकिली खेळ म्हणून हसू नका. नवा उद्योग उभा राहतो तो धाडसी माणसांच्या जोरावर, हे मला मान्य आहे. पण अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. बाकीच्या भित्र्या, संसारी माणसांचा पैसा आत यायचा असेल तर त्यांच्या भीतीला कुंपण घालावं लागतं: बुडाले तर एवढेच बुडतील, याच्या पलीकडे नाही. आपल्याकडेही हेच झालं. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा पैसा मुंबईत ओतला गेला तेव्हा त्या वाटेने शेअरांचा लोंढा आला. १८६५ मध्ये तो फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही कोसळला. कुंपण नुकसानीची हद्द आखतं, माणसाच्या हव्यासाची नाही.

पण ते दहा वर्षांनंतरचं. आज तुम्ही शंभर डॉलर मोजता आणि चार शेअरचा दाखला घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवता.

पुढचा काळ झरझर जाऊ दे, कारण त्यात काहीही घडत नाही. हिवाळा जातो. १८५६ मध्ये गावातली जेरोम घड्याळ कंपनी बुडते. घराघरात जिची घड्याळं टिकटिकतात अशी कंपनी बुडू शकते तर ओढ्यावरच्या तवंगाची काय कथा? तुम्ही दाखला बायबलच्या पानांत ठेवून देता. घरात तो विषय निघत नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र क्षणभर न्यूयॉर्कला डोकवा, ब्रॉडवेवर. रणरणतं ऊन आहे. बिसेल एका औषधाच्या दुकानाच्या छपराखाली सावलीला थांबलाय आणि काचेतल्या एका जाहिरातीकडे टक लावून बघतोय. पिट्सबर्गच्या सॅम्युअल किअरच्या औषधी तेलाची ती जाहिरात बँकेच्या नोटेसारखी छापली आहे, आणि तीवर मिठागराच्या विहिरीचे लाकडी मनोरे काढले आहेत. खाली ४०० हा आकडा: हे तेल जमिनीखाली चारशे फुटांवरून आलं आहे. मिठाच्या पाण्यासाठी खडकात भोक पाडतात, तिथे हे तेल नको असताना वर येतं. मग मुद्दाम तेलासाठीच भोक का पाडू नये? आतापर्यंत सगळे तवंग गोळा करण्याच्या, चर खणण्याच्या गोष्टी करत होते. भागभांडवल आधी उभं राहिलं आणि ते खर्च कशावर करायचं हे नंतर सुचलं. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१८५७. बँका कोसळताहेत, देशभर मंदी. टाउनसेंड राहतात त्या टॉन्टीन हॉटेलात तुम्ही काही कामासाठी गेलाय. तिथे दिवाणखान्यात एक उंच, दाढीवाला, थकल्या डोळ्यांचा माणूस गप्पा सांगत बसलाय. हा एडविन ड्रेक, वय ३८, रेल्वेचा कंडक्टर. तब्येत बिघडल्याने कामावरून मोकळा झालेला, पण रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास अजून त्याच्याकडे आहे. टाउनसेंडच्या सांगण्यावरून त्याने आपली पुंजी, २०० डॉलर, या कंपनीत घातली आहे. आता टाउनसेंड त्याला टायटसव्हिलला पाठवताहेत. खरेदीखताचे राहिलेले सोपस्कार पुरे करायला आणि जमीन बघून यायला. त्याचा तिथे मान राहावा म्हणून ते त्याच्या आधीच तिकडे पत्रं धाडतात, पत्ता लिहितात ‘कर्नल ई. एल. ड्रेक’. हा माणूस कुठल्याही पलटणीत नव्हता.

तुम्हाला त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हा माणूस एका उद्योगाचा जन्मदाता ठरेल, पण खोदण्याच्या रीतीचं पेटंट घेणार नाही. हाती आलेले पैसे वॉल स्ट्रीटच्या सट्ट्यात घालवेल. शेवटी आजारी, कंगाल अवस्थेत १८७३ साली पेनसिल्व्हेनिया सरकार वर्षाला १,५०० डॉलर बांधून देईल तेव्हा त्याच्या घरची चूल नीट पेटेल. हे सगळं तुमच्या ओठांवर येतं. तो पासची वही दाखवत हसतो. तुम्ही काहीच बोलत नाही.

मार्च १८५८ मध्ये नवी कंपनी निघते, सेनेका ऑईल कंपनी. कागदावर बहुतेक शेअर ड्रेकच्या नावे, प्रत्यक्षात पैसा न्यू हेवनवाल्यांचा. पगार वर्षाला हजार डॉलर. या नव्या कंपनीत पैसे घालायला तुम्हालाही बोलावणं येतं, आणि तुम्ही नाही म्हणता. तुम्हाला दोष कोण देईल? गावात लोक टाउनसेंडना तोंडावर वेडा म्हणताहेत.

ड्रेक बायकोमुलांना घेऊन टायटसव्हिलला जातो. तिथे पहिलं वर्ष कारागीर शोधण्यातच जातं. १८५९ च्या वसंतात विल्यम स्मिथ येतो, मिठाच्या विहिरी खोदलेला लोहार. सगळे त्याला अंकल बिली म्हणतात. वाळू आणि पाणी कोसळून विहीर बुजत राहते. मग ड्रेक लोखंडी नळी ठोकत ठोकत खडकापर्यंत नेतो, ३२ फूट, आणि तिच्या आतून भोक पाडायला लागतो. दिवसाला तीन फूट. तुम्ही लोहारकीतले आहात म्हणून यातली अक्कल तुम्हाला लगेच उमगते. ती नळी घातली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

तोवर न्यू हेवनमध्ये एकेक भागधारक हात आखडता घेतो. सभा होतात, खर्चाचे आकडे वाचले जातात, नवे पैसे कुणी देत नाही. टाउनसेंड स्वतःच्या खिशातून पाठवत राहतात. टायटसव्हिलमधले दोन मित्र जामीन राहून ड्रेकला कर्ज मिळवून देतात. कंपनीच्या नव्हे, माणसाच्या पतीवर. ऑगस्टच्या अखेरीस टाउनसेंडही थकतात. शेवटची रक्कम आणि सोबत पत्र: देणी चुकती करा, काम बंद करा, परत या. पत्र टपालात पडतं.

२७ ऑगस्ट १८५९, शनिवार. पत्र अजून वाटेत आहे. साडेएकोणसत्तर फुटांवर छिन्नी एका फटीत सहा इंच घसरते. हत्यारं वर काढून सगळे घरी जातात, उद्या रविवार. रविवारी अंकल बिली सहज विहीर बघायला येतो, नळीत वाकून बघतो. वरून हात पोहोचेल इतक्या अंतरावर काहीतरी काळं चकाकतंय.

न्यू हेवनमध्ये तुम्हाला यातलं काहीही कळलेलं नाही. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी दुकानाच्या दारात एक अनोळखी माणूस उभा राहतो. रॉक ऑईलचे जुने शेअर तुमच्याकडे आहेत असं कळलं, विकणार का, म्हणून विचारतो. तिकडे बातमी कळताच बिसेल मिळतील तिथून शेअर आणि ऑईल क्रीकच्या काठच्या जमिनी घेत सुटला आहे, हे तो तुम्हाला सांगत नाही. तुम्ही आत जाता. बायबल काढता. दाखल्याची घडी पडलेली रेघ पिवळी झाली आहे. चार वर्षांत त्याने तुम्हाला एक सेंटही दिला नाही, आणि हा माणूस आज त्याचे पूर्ण शंभर डॉलर द्यायला तयार आहे.

दिव्यातलं देवमाशाचं तेल संपत आलंय. वात खाली करून तुम्ही नोटा मोजता. बरोबर आहेत.