विक्कापंथीय पालकांचा धार्मिक संगोपनाचा हक्क

अमेरिकेतील विक्कापंथीय पालकांना आपल्या अपत्यांवर स्वधर्माचे संस्कार करण्याचा असलेला कायदेशीर हक्क. निसर्गपूजक विक्का पंथ विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जेरल्ड गार्डनर यांच्यामुळे प्रसिद्धीस आला. ‘डेटमर विरुद्ध लँडन’ (१९८६) या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने त्यास घटनात्मक संरक्षणास पात्र धर्म मानले. अपत्यांच्या संगोपनाची दिशा ठरविण्याचा पालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ‘पिअर्स’ (१९२५) व ‘योडर’ (१९७२) या खटल्यांत पूर्वीच मान्य केला होता.

इंडियाना राज्यातील एका घटस्फोट प्रकरणात या हक्काची कसोटी लागली. मुलाला मुख्य प्रवाहाबाहेरील श्रद्धा व विधींपासून दूर ठेवावे, असा आदेश कनिष्ठ न्यायालयाने २००४ मध्ये दिला. वस्तुतः आईवडील दोघेही विक्कापंथीय होते आणि मुलाच्या धर्माविषयी त्यांच्यात वाद नव्हता. राज्याच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये हा निर्बंध रद्द केला. इंडियानाच्या कायद्यानुसार मुलाच्या शारीरिक आरोग्यास धोका किंवा भावनिक विकासास गंभीर बाधा पोहोचत असल्याचे आढळल्यासच असा हस्तक्षेप करता येतो. श्रद्धा अपरिचित आहे, एवढ्यावरून ती मुलास अपायकारक ठरत नाही, हे तत्त्व या निर्णयामुळे अधोरेखित झाले. अल्पसंख्य पंथांच्या कुटुंबांना त्याचा मोठा आधार आहे.