खारी, टोस्ट आणि फ्रेंच

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी बेकरीत ‘पेस्ट्री’ मागितली की क्रीम लावलेला केकचा तुकडा मिळतो. फ्रेंच घाटाची पेस्ट्री शेजारच्या बरणीत असते. तिचं नाव खारी!

मैद्याच्या लाटीत लोणी किंवा मार्गरीन भरायचं, घडी घालून लाटायचं, पुन्हा घडी. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. फ्रेंचांनी या पिठाला ‘फय’, म्हणजे पान, यावरून ‘फय्यते’ म्हटलं. मराठीने पापुद्रे सोडून चव धरली.

बेकरीतला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज; पायाने मळतात म्हणून पाव, ही निव्वळ थाप. ‘बिस्किट’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीमार्गे आलं. अर्थ, दोनदा भाजलेलं. आपला टोस्टही आधी पाव म्हणून भाजतात, मग काप करून पुन्हा. म्हणजे बिस्किट म्हणावं ते टोस्टलाच!