महागाई, भूक आणि जगडूशाहांची कोठारे

चतुर्विध दानांत आहारदानाचे महत्त्व आपण सारेच जाणतो. परंतु दात्याची इच्छा आणि भुकेल्याचे ताट यांच्यामध्ये बाजारभाव उभा असतो, हे इतिहास पुनःपुन्हा सांगतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या इतिहासाचे स्मरण उचित ठरेल.

कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. सर्वानंदसूरींच्या 'जगडूचरित' या संस्कृत काव्यानुसार, परमदेवसूरींनी आगामी दुष्काळाची सूचना देताच त्यांनी ठिकठिकाणी धान्याची कोठारे भरली आणि हे धान्य रंकांचे आहे, असे ताम्रपटांवर कोरून ठेवले. विक्रम संवत 1313 ते 1315 (इ.स. 1256-58 च्या सुमारास) दुष्काळ पडला, तेव्हा गुजरातचा राजा वीसलदेव यासही त्या कोठारांतून धान्य मिळाले. काव्यात 112 दानशाळांचा उल्लेख आहे. मागण्यास संकोचणाऱ्या कुलीनांना आत सुवर्णमुद्रा दडविलेले 'लज्जापिंड' दिले जात. काव्यातील अतिशयोक्ती वगळली तरी एक गोष्ट उरते : जगडूशाहांनी संकटापूर्वी, सुकाळातच धान्य साठविले.

याउलट चित्र 1943 च्या बंगालमध्ये दिसले. डिसेंबर 1942 मध्ये कलकत्त्यात मणाला 13-14 रुपये असलेला तांदूळ मे 1943 मध्ये 30 रुपयांच्या वर गेला. मजुरांची मजुरी त्या वेगाने वाढली नाही; बाजारात तांदूळ असूनही तो त्यांच्या हाती लागला नाही. चौकशी आयोगाने सुमारे 15 लाख मृत्यूंचा अंदाज दिला आणि प्रत्येक मृत्यूमागे तांदळाच्या व्यापारात सुमारे हजार रुपयांचा अतिरिक्त नफा झाल्याचा हिशेबही मांडला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अन्नपाननिरोध' सांगितला आहे. व्यापारी म्हणून आपण त्या हिशेबासमोर अंतर्मुख झाले पाहिजे.

महाराष्ट्राने 1972-73 चा दुष्काळ अनुभवला. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे राबत होती. सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी ज्येष्ठांच्या स्मरणात आहेच. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महिला लाटणी-थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. हाताला काम देऊन खरेदीची शक्ती टिकविणे, हा त्या दुष्काळाचा धडा. 1977 च्या रोजगार हमी कायद्यात तो स्थिरावला.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य झाले. परंतु केवळ धान्याने स्वयंपाक होत नाही. डाळ, तेल आणि भाजी बहुधा बाजारभावानेच घ्यावी लागतात. भाव चढले की प्रथम वाटीतील डाळ पातळ होते, मग ती दिसेनाशी होते. अशा घरातील माणूस दारात मागायला येत नाही.

येथेच संस्थांची कसोटी लागते. कायम ठेवीचे व्याज ठरावीक असते. तूरडाळ महागली की तेवढ्याच रकमेत कमी पिशव्या भरतात आणि नेमक्या त्याच महिन्यात मागणारे वाढतात. म्हणजे मदतीची गरज वाढते तेव्हाच मदतीचे बळ घटते. म्हणून अन्नदानाचा संकल्प केवळ रुपयांत न करता किलोंत आणि कुटुंबांत करावा. नवे पीक येऊन भाव उतरतात तेव्हा वर्षाची खरेदी करावी. आणि साधर्मिकांसह कोणत्याही जातिधर्माच्या संकोची कुटुंबापर्यंत मदत गाजावाजा न करता पोहोचवावी.

जगडूशाहांइतके ऐश्वर्य आपल्याजवळ नसेल. परंतु त्यांची दूरदृष्टी आणि लज्जापिंडामागील संवेदना स्वीकारण्यास ऐश्वर्य लागत नाही. पुढील पन्नास वर्षांत संस्थेच्या कोठारावर तोच ताम्रपट असावा, हीच सदिच्छा.