फाटकावरच्या कागदाचा मागोवा

देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी लागो वा चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी काम मिळो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला बहुधा मागितला जातोच. एखाद्या रात्री दारू पिऊन रस्त्यावर घातलेला गोंधळ त्या वेळी ठाण्यात नोंदला गेला असेल, तर तो अशा वेळी समोर येतो.

माणसाचा भूतकाळ तपासणाऱ्या कागदांचं घराणं जुनं आहे. त्यातला सर्वांत क्रूर पूर्वज म्हणजे १८७१ मध्ये सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, भामटा या घरांत जन्मणं हीच तिथं नोंद होती. पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहायचं, हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचं. तो कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला.

तोवर दुसरी नोंद सुरू झाली होती. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. परवान्याशिवाय पिणं हा गुन्हा आणि नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं हाही गुन्हा. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची अट कायद्यात आजही आहे. दरम्यान, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि गावोगावचे तरुण या पट्ट्यात कामाला आले. २०१८ पासून या भागाला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांची माहिती भरावी लागते. ती लपवली म्हणून नोकरी गेलेल्यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. २०१६ च्या अवतार सिंग निकालानं दिशा दिली: माहिती खरी द्यावी, पण गुन्हा किरकोळ असेल, तर तो लपवल्याची चूकही मालकाला माफ करता येते. खरं सांगितल्यावरही पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार मात्र राहतो.

जन्म कुठला, केलं काय, सांगितलं खरं का? दीडशे वर्षांत प्रश्न इतका पुढे सरकला. अजून एक पाऊल उरलं आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र व्यसनी माणसांना पुन्हा उभं करतं आहे. तिथून परतलेला माणूस नमुना भरायला बसतो, तेव्हा अटकेसाठी रकाना असतो. दारूशिवाय काढलेल्या वर्षांसाठी नसतो. तो असायला हवा.