दुसऱ्या लग्नाची पंगत



गेल्या महिन्यात आम्ही पंधरा-वीस जण बेळगावहून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला एका लग्नाला गेलो. नवरा आमच्याच धर्मग्रामातला. त्याची बायको चार वर्षांपूर्वी देवाघरी गेली. घरात अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. नवरी किनाऱ्याकडची, तीही विधवा, तिला सात वर्षांचा एक मुलगा. तिचं माहेर मासेमारी करणाऱ्यांचं. लग्न समुद्रकिनारी व्हावं ही तिच्या वडिलांची हौस होती.

नवरा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, लग्न तुम्हीच लावा ना. मुलांना तुम्ही धर्मशिक्षण दिलंय, ती तुम्हाला ओळखतात.”

धर्मग्रामात मात्र दोन प्रकारची कुजबुज सुरू झाली. पहिली, वाळूवर लग्न म्हणजे सिनेमाचं वेड. दुसरी जरा हळू आवाजात, दुसरेपणाचं लग्न आहे, सकाळच्या मिस्सात उरकून घ्यावं, पंगत कशाला? खरं सांगतो, ही दुसरी गोष्ट माझ्याही तोंडून एकदा निघून गेली होती. त्याची लाज वाटली म्हणून जुनी पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी जागेचं बघू. पहिल्या कित्येक शतकांत ख्रिस्ती लग्नाला ठरावीक जागाच नव्हती. घरी लग्न व्हायचं, वडीलधारी माणसं असायची, जमेल तिथे बिशप किंवा धर्मगुरू आशीर्वाद द्यायचे. 866 साली पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना कळवलं, की बाकीचे विधी राहिले तरी चालतील, दोघांची संमती असली की लग्न झालं. पुढे युरोपात चर्चच्या दाराशी वचनं द्यायची आणि मग मिस्साला आत जायचं, अशी रीत पडली. पण नुसत्या संमतीवर लग्न होतं म्हटल्यावर चोरून लावलेली लग्नंही वाढली. पुरुषाने उद्या कानावर हात ठेवले, तर बाई आणि तिचं मूल दोघंही उघड्यावर. म्हणून ट्रेंटच्या विश्वपरिषदेने नोव्हेंबर 1563 मध्ये नियम केला, की धर्मग्रामाचा धर्मगुरू किंवा त्याने परवानगी दिलेला धर्मगुरू, आणि दोन-तीन साक्षीदार, यांच्यासमोरच लग्न व्हावं. म्हणजे या नियमाच्या मुळाशी बाई आणि मूल यांची काळजी होती. आजही आपली लग्नं चर्चमध्येच व्हायची असतात. दुसऱ्या योग्य जागेची परवानगी महागुरुस्वामी देऊ शकतात.

आणि ‘लग्न लावणारा’ म्हणाल, तर आपल्या लॅटिन परंपरेत हा संस्कार नवरानवरीच एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतो आणि ऐकतो. मी नवऱ्याला एवढंच म्हणालो, “बाबा रे, लग्न लावणारे तुम्ही दोघं. मी वाचन करीन.” तिथल्या फादरांनी सरळ तोडगा काढला. संस्कार किनाऱ्यावरच्या लहान चॅपेलात, आणि जेवण वाळूवर.

आता पंगतीचं. जोडीदार वारला की दुसरा मोकळा होतो, हे संत पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिलं आहे. तरुण विधवांनी पुन्हा लग्न करावं असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. तरीही ख्रिस्ती मंडळींना ते पचायला फार वेळ लागला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या तर्तुलियनने दुसऱ्या लग्नाविरुद्ध पुस्तकच लिहिलं. साधारण 315 साली आजच्या तुर्कस्तानातल्या निओसीझरिया इथे परिषद भरली. तिचा सातवा नियम वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. दुसरं लग्न करणाऱ्याच्या मेजवानीला धर्मगुरूने बसू नये, असा तो नियम. कारण असं, की ज्याला प्रायश्चित्त करायचं आहे त्याच्याच पंगतीला धर्मगुरू बसला, तर त्या लग्नाला त्याची संमती दिसेल! सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचा तो नियम आणि माझ्या तोंडचं वाक्य यांत काय फरक होता?

दहाच वर्षांनी, 325 साली, निकेयाची विश्वपरिषद भरली. नोवाशियन नावाचा एक कडक पंथ होता. दुसरं लग्न केलेल्यांशी ते संबंध ठेवत नसत. त्यांच्यातले जे ख्रिस्तसभेत परत येऊ पाहत होते, त्यांच्याकडून परिषदेने लेखी कबुली मागितली, की दुसरं लग्न केलेल्यांशीही आम्ही सहभागिता ठेवू. आपण दर रविवारी जो विश्वासाचा अंगीकार म्हणतो, त्याची सुरुवात ज्या परिषदेत झाली, तीच ही परिषद.

पण गोष्ट इथे संपली नाही. 1614 च्या रोमन विधिग्रंथात अशी सूचना होती, की विधवेच्या लग्नाला लग्नाचा खास आशीर्वाद देऊ नये, मग नवऱ्याचं ते पहिलंच लग्न का असेना. उलट विधुर पुरुष कुमारिकेशी लग्न करत असेल आणि तशी तिथली चाल असेल, तर आशीर्वाद द्यावा. लग्न दोन्हीकडे खरंच, संस्कार तोच, तरी आशीर्वाद हुकायचा तो विधवेचा. 1917 च्या धर्मनियमांतही हेच राहिलं. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज दिला. लग्न मिस्साशिवाय झालं तरी वधूवरांना आशीर्वाद नेहमी द्यावा, असं त्यात आलं. ट्रेंटची परिषद संपली ती तारीखही 4 डिसेंबरच, साल 1563. मध्ये बरोबर चारशे वर्षं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, रोमच्या गोष्टी आपल्याला कशाला? तर आपल्याकडची बघा. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यानंतर त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला आलं. तिथे शिकलेल्या एका बालविधवेचं, गोदूबाईंचं, धोंडो केशव कर्व्यांशी 1893 च्या मार्चमध्ये पुण्यात लग्न झालं. त्याच आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया. कर्वे विधुर होते, आणि त्यांचा पहिल्या बायकोचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. कर्व्यांचं गाव कोकणातलं मुरूड, दापोलीजवळचं, समुद्राकाठचंच. त्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पंगत पुन्हा बंद! 1856 च्या कायद्याने विधवेच्या लग्नाला मान्यता दिली होती. पण त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या बाईचा आधीच्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क संपत असे, आणि तिच्या मुलांचा ताबा त्याच्या नातलगांकडे जाण्याची वाटही त्यात होती. कायदा झाला म्हणून शेजारी जेवायला येत नाहीत. ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

तर आमच्या लग्नात काय झालं ते सांगतो. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत फादरांनी दोन्ही वारलेल्या जोडीदारांची नावं घेतली. मुलीने मला आदल्या दिवशी विचारलं होतं, “सर, मम्मीचं नाव घेतलं तर चालेल का? नवीन मम्मीला वाईट वाटेल का?” ते नाव घेतलं तेव्हा नवरीनेच त्या पोरीचा हात धरला. मी रूथचं वाचन केलं. तीही विधवाच. बवाजाशी तिचं लग्न झालं आणि त्यांच्या मुलाला नामीने मांडीवर घेतलं. रक्ताचं नातं नसताना ती त्या मुलाची आजी झाली. त्याच वंशात दावीद जन्मला, आणि पुढे आपला प्रभू. स्वतः प्रभूला घर दिलं आणि सुतारकी शिकवली ती संत योसेफाने. ‘सावत्र’ हा शब्द आपण किती सहज तोंडातून काढतो!

मग वाळूवर ताडपत्र्या अंथरल्या. नवरीच्या भावांनी बांगडे भाजले, आमच्या बायकांनी बेळगावहून कुंदा आणला होता. ज्या मावशी पंगत नको म्हणत होत्या, त्याच तिन्ही मुलांना घास भरवत होत्या. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजले आणि दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं, ते मला आठवलं. रात्रभर रिकामं जाळं ओढलेल्या माणसांना त्याने आधी जेवायला बसवलं, पेत्राशी बोलणं नंतर केलं.

बंधुभगिनींनो, तुमच्या धर्मग्रामात अशी विधवा किंवा विधुर असेल, लग्नाचा विचार करत असेल, तर जागेचे नियम फादरांना विचारा, ते सांगतील. पण पंगतीला बसायचं की नाही, ते फादरांना विचारू नका. जा, बसा. आणि त्या घरातल्या मुलांना त्यांच्या गेलेल्या आईचं, बापाचं नाव मोकळेपणी घेऊ द्या.

हे प्रभो, काना गावी तू लग्नाच्या पंगतीला बसलास. ज्या घरात एकदा दुःख येऊन गेलं आहे, त्या घरी पुन्हा आनंद येईल तेव्हा आम्हाला दाराबाहेर उभं राहू देऊ नकोस. आमेन.